पिचमीमांसा: तालुक्यातले विज्ञान परदेशी संपादकाच्या गळी उतरवण्याच्या शास्त्रातील काही बारीकसारीक प्रश्न

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांचा एक चांगला दंडक आहे. ग्रंथाला हात घालण्याआधी चार गोष्टी सांगून मोकळे व्हायचे: विषय काय, प्रयोजन काय, संबंध काय आणि अधिकारी कोण. प्रस्तुत प्रबंधाचा विषय दोनशे शब्दांची एक ईमेल हा आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात घडलेली विज्ञानाची गोष्ट लंडन, न्यूयॉर्क किंवा तत्सम ठिकाणच्या संपादकाने छापावी म्हणून मुक्त पत्रकार ती पाठवतो. धंद्यात तिला पिच म्हणतात. प्रयोजन: अर्थप्राप्ती, ती न झाल्यास कीर्ती, तीही न झाल्यास अनुभव. संबंध: लेखकाचा आणि संपादकाचा काडीचाही संबंध नसतो, हीच या शास्त्राची मूळ अडचण. अधिकारी: ज्याला इंग्रजी लिहिता येते, ज्याला एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरता येतो आणि ज्याच्या घरचे 'मग छापून कधी येणार?' असे विचारत नाहीत, तो. तिसरी अट पुरी करणारा मनुष्य अद्याप सापडलेला नाही. सबब हा प्रबंध अधिकाऱ्यावाचूनच पुढे जात आहे.

विज्ञान या विवेचनात जागोजाग येईल, पण तोंडी लावण्यापुरते. पिचमध्येही त्याचे मान तेवढेच असते. तिथे खरी कामे करतात त्या क्षुल्लक गोष्टी: गाव मुंबईपासून किती लांब, वस्तू कशाएवढी, बातमी आजच का, कासवाचे नाव काय. या गोष्टींचे पद्धतशीर विवेचन करण्याची गरज आजवर कोणालाच वाटलेली नाही. पण गरज नसणे ही सबब विद्वत्तेच्या आड कधी आल्याचे ऐकिवात नाही.

आरंभ अंतरापासून करू. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार घ्या. बेसॉल्ट खडकावर अशनी आदळून झालेले हे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 मध्ये त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद पुढे दीडशे वर्षे पुरला. 1973 मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या शोधनिबंधाने आघाताच्या बाजूने कौल दिला. चंद्रावरच्या काळ्या मैदानांतही बेसॉल्टच असल्यामुळे तिथल्या विवरांचा ताळा घ्यायला पृथ्वीवर अशी जागा विरळाच. वयाचा घोळ तर याहून सुरस. बरीच वर्षे ते 50 हजार वर्षांच्या आसपास धरले जाई. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे 5 लाख 70 हजार निघाले. दुसऱ्या कोणाच्या जन्मतारखेत असा फरक पडता तर तहसीलदाराने प्रकरण परत पाठवले असते.

एवढा ऐवज असूनही जगभरच्या माध्यमांनी एकदम लोणारकडे धाव घेतली ती जून 2020 मध्ये, पाणी गुलाबी झाले तेव्हा. नासाने आधीची आणि नंतरची उपग्रह छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हा रंग खारट पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे निघाले. आणि बातम्यांतून एक वाक्यांश पुन्हा पुन्हा भेटत राहिला: मुंबईपासून सुमारे 500 किलोमीटरवर.

हा वाक्यांश सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याजोगा आहे. लोणारला जाणारा माणूस जालन्यावरून जातो, सिंदखेड राजावरून जातो, मेहकरला चहा घेतो. या वाटेवर मुंबई कुठेच लागत नाही. मेहकरच्या स्टँडवर कोणाला 'लोणार मुंबईपासून पाचशे किलोमीटर' असे सांगितले तर तो तुम्हाला सावलीत बसवून पाणी देईल. पण संपादकाच्या भिंतीवरच्या भारतात टाचण्या मोजक्याच असतात आणि आपल्या वाट्याची टाचणी मुंबईवर टोचलेली आहे. म्हणून सर्व वस्तूंचे स्थान त्या टाचणीपासून दोरी धरून सांगायचे. पुणेकर लेखकाला या नियमाने जो क्लेश होतो त्याचा विचार स्वतंत्र परिशिष्टात करावा लागेल. ते परिशिष्ट पुणेकरच लिहितील आणि ते मूळ प्रबंधापेक्षा मोठे होईल.

दोरी किती लांब गेली यावर गावाची जात ठरते. फार लांब गेली तर गाव 'दुर्गम' होते. दुर्गमतेची कसोटी रस्ता किंवा वीज ही नसून तिथे संपादक जाऊन आलेला नाही, ही आहे. नारायणगावजवळचे खोडद पाहा. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 ताटल्या, त्यांतल्या 14 मध्यभागी आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात मांडलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी दुर्बीण अब्जावधी प्रकाशवर्षांवरून निघालेल्या रेडिओलहरी टिपते. ज्या गावापर्यंत विश्वाच्या कडेवरून संदेश येऊन पोचतो, ते गाव पुणे-नाशिक महामार्गापासून काही मैल आत असल्यामुळे दुर्गम.

मुंबईपासूनचे अंतर शून्य असेल तर काय चमत्कार होतो, हे बिबट्याने दाखवून दिले आहे. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास केला आणि उसाच्या फडात, भर वस्तीच्या कुशीत हे जनावर माणसांना न कळता नांदते, हे दाखवले. त्या पट्ट्यात वाघोबाची ठाणी आहेत, म्हणजे शेजार जुना आहे. गोष्ट अव्वल दर्जाची, पण अकोले कुठे हे सांगण्यातच पिचमधले चाळीस शब्द खर्ची पडतात. शिवाय विदर्भात आणखी एक अकोला आहे, आणि हा खुलासा करू गेले की संपादक तिथेच गळतो. उलट 2018 मध्ये एक शोधनिबंध आला: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे भोवतालची भटकी कुत्री खातात, त्यामुळे मुंबईकरांना होणारे दंश आणि रेबीजचा धोका कमी होत असावा. या निबंधाला पिचची गरजच नव्हती. महानगर आहे, श्वापद आहे, वर सार्वजनिक आरोग्याला हातभार. कुत्र्यांची बाजू कोणी विचारली नाही.

आता मान, म्हणजे वस्तू केवढी हे सांगण्याची रीत. आंतरराष्ट्रीय वृत्तविश्वात मीटर-किलोमीटर ही मापे केवळ शोभेची. चलनी मापे तीन: लांबीला डबलडेकर बस, क्षेत्राला फुटबॉलचे मैदान, देशाएवढ्या विस्ताराला वेल्स. अमेरिकेत पाठवायचे असल्यास वेल्सच्या जागी ऱ्होड आयलंड घालावे. बाकी पिच तीच चालते. मुंबईत बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण त्यामुळे देवमाशांची लांबी मोजण्यात कसलाही व्यत्यय आला नाही, कारण हिशेबातली बस लंडनचीच होती. 2017 मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर इथल्या खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह सरस्वती नावाचा दीर्घिकांचा महासमूह शोधला. तो 400 कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. इथे वेल्स हात टेकते. पिचमध्ये अशा वेळी 'कल्पनेपलीकडचे' असे लिहून पुढच्या परिच्छेदाकडे जावे.

भारताच्या वाट्याला आणखी एक खास माप आलेले आहे, ते म्हणजे स्वस्ताई. मंगळयान 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, खर्च सुमारे 450 कोटी रुपये. हे 'ग्रॅव्हिटी' चित्रपटाच्या खर्चापेक्षा कमी, असा हिशेब आधीच मांडला गेला होता आणि तो आपल्या पंतप्रधानांनीच मांडला होता. पुढे अहमदाबादच्या रिक्षाचे दरपत्रकही साक्षीला आले. म्हणजे परक्यांना दोष देण्याची सोय राहिली नाही. त्याच सुमारास न्यूयॉर्क टाइम्सने एक व्यंगचित्र छापले: उच्चभ्रू अंतराळ मंडळाच्या दारावर गाय घेऊन आलेला शेतकरी थाप मारतो आहे. ओरड झाली आणि टाइम्सने माफी मागितली. तेव्हापासून गाय पिचमधून वर्ज्य झाली. स्वस्ताई मात्र शाबूत आहे. 'कमी खर्चात' हे दोन शब्द विषयाच्या ओळीत घातले की ईमेल उघडली जाण्याची शक्यता वाढते, असे या क्षेत्रातले जाणते छातीठोक सांगतात.

काळाचा प्रश्न त्याहून किचकट. 'नेचर'मधल्या निबंधांवरची बंदी, म्हणजे एम्बार्गो, बुधवारी लंडनच्या दुपारी चारला उठते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. 'सायन्स'ची बंदी गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनला उठते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गुरुवारी रात्री साडेअकरा, पण हिवाळ्यात शुक्रवार उजाडून अर्धा तास झालेला. गुरुवारचा उपास करणाऱ्या विज्ञानवार्ताहराला त्यामुळे वर्षातून काही महिने बातमी उपाशीपोटी द्यावी लागते आणि काही महिने सोडल्यावर. तिकडे घड्याळ मागेपुढे करतात त्या आठवड्यात तर कोण कुठल्या दिवशी आहे हे पंचांगकर्त्यालाच विचारावे.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण 29 जून 2023 चे. जगभरच्या चमूंनी त्या दिवशी एकाच वेळी जाहीर केले की वर्षानुवर्षे एकेक हेलकावा घेणाऱ्या, अतिमंद गुरुत्वलहरींचा पुरावा स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांत दिसतो आहे. युरोपीय चमूबरोबर भारतीय चमूही होता आणि त्याची मोजमापे खोडदच्या दुर्बिणीवरची होती. घोषणेची वेळ ग्रिनिचच्या मध्यरात्रीची, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. आणि तिथी? आषाढी एकादशी. पंढरपुरात महापूजा उरकून दर्शनाची रांग सरकत होती, त्याच दिवशी बकरी ईदही होती, आणि अवकाश-काळाचे कापड मंदपणे हलते आहे ही वार्ता मराठी वाचकापर्यंत पोचवायला भल्या पहाटे कोणी मोकळे नव्हते. जागतिक वेळापत्रक ठरवताना कालनिर्णय पाहत नाहीत, हा या शास्त्रातला ढळढळीत दोष आहे.

बंदीचा प्रश्न एक वेळ घड्याळाने सुटतो. निमित्ताचा सुटत नाही. संपादक हमखास विचारतो: आत्ताच का? भूगर्भाला हा प्रश्न विचारणे थोडे उद्धटपणाचे आहे. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला, तीव्रता 6.3. धरणाच्या जलाशयामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांत जगभर त्याचेच नाव पुढे केले जाते. त्या परिसरात छोटे धक्के आजवर थांबलेले नाहीत आणि ते मुळापाशी समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले. एवढे सगळे असताना गोष्ट विकायची तर ती 11 डिसेंबरलाच, आणि तीही शेवटी शून्य असलेल्या वर्षदिनी. 2017 मध्ये पन्नास झाली, आता 2027. मधल्या काळात कोयनेने काही भलते केले तरच अपवाद, आणि तशी इच्छा धरणे पाटणच्या लोकांसमोर बोलून दाखवण्यासारखे नाही.

पात्रयोजनेकडे वळू. संपादकाला प्रक्रिया नको असते, माणूस हवा असतो. माणूस नसेल तर नाव असलेला प्राणी. हे आपल्या वनखात्याला आणि भारतीय वन्यजीव संस्थेला बरोबर उमगलेले दिसते. जानेवारी 2022 पासून कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले, तेव्हा वेळासच्या पहिल्या मादीचे नाव ठेवले प्रथमा. मग सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री थेट श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. नावे ऐकून कोणालाही शास्त्रीय गायनाच्या परीक्षेचा निकाल वाटावा, पण पिचच्या दृष्टीने काम चोख.

आणि मग जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत एक मादी आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर क्रमांक: 03233. हा बिल्ला तिला मार्च 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावला होता. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे यांचे सोयरसुतक नसावे असा जो समज होता, त्याला या एका बाईने सुरुंग लावला. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही कोकणातली सर्वांत देखणी विज्ञानकथा आहे, आणि ती देखणी आहे ती त्या क्रमांकामुळेच. कोणीतरी एका किनाऱ्यावर सरकारी नोंदवहीत पाच आकडे लिहिले, दुसऱ्या किनाऱ्यावर कोणीतरी चार वर्षांनी रात्री बॅटरीच्या उजेडात ते वाचले, आणि या दोन्ही नोंदी सापडल्या. सरकारी नोंदी सापडणे हा भाग तर मी पिचमध्ये सर्वांत वर घातला असता. पण संपादकाचा प्रश्न आधीच ऐकू येतो: तिचे नाव काय?

नावाचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. पश्चिम घाटात पालींच्या आणि कोळ्यांच्या नव्या प्रजाती इतक्या सापडतात की नुसते 'नवी प्रजाती' म्हटल्याने स्थानिक पुरवणीचाही संपादक मान वर करत नाही. पण 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला संशोधकांनी शहीद पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ 'आयसियस तुकारामी' हे नाव दिले, आणि त्या काही मिलीमीटरच्या जिवाची वार्ता दूरवर गेली. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या देवळाशी सापडलेला मासा 'शिस्टुरा हिरण्यकेशी' याचे नशीबही बरे: देऊळ, उगम आणि मासा असे तीनही घटक एका ओळीत बसतात. सरकारने 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीरही केली.

संपादकाला माणूसच हवा असेल तर तो एकटा हवा. 'एका माणसाची झुंज' हा आकार त्याला वर्ज्य नाही. कोकणात इथेच घोडे पेंड खाते, कारण तिथे एकटा असा कोणी नसतोच. वेळासचे कासवसंवर्धन चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये सुरू केले, त्यात गाव आहे, ग्रामपंचायत आहे, वनखाते आहे, पाहुण्यांना घरी जेवू घालणाऱ्या बाया आहेत. यांतून एक जण निवडून त्याच्या तोंडावर मावळतीचा उजेड टाकायचा म्हणजे उरलेल्यांशी पुढच्या हंगामात बोलणे बंद.

यावर पूर्वपक्ष असा: एवढा खटाटोप कशाला? मराठीत लिहावे, मराठी माणसांनी वाचावे. उत्तरपक्ष द्यायला कातळशिल्पे पुरेशी आहेत. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षे पायपीट करून ती शोधत होते. काही गावांत लोक ती जाणत आणि पूजतही होते. 2018 मध्ये बीबीसीने त्यावर बातमी केली आणि ती केली मराठी विभागातल्या पत्रकाराने, हे लक्षात ठेवण्यासारखे. हरवलेल्या संस्कृतीच्या खुणा वगैरे शब्द जगभर फिरले. 2022 मध्ये कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यातले श्रेय कोणाला किती, हे वाटण्याचे काम मी अंगावर घेणार नाही. मात्र परदेशी माध्यमात काही आले की दुसऱ्या दिवशी इथल्या वर्तमानपत्रांत 'परदेशी माध्यमांनी घेतली दखल' अशी वेगळी बातमी येते, तिसऱ्या दिवशी आमदार येतात आणि चौथ्या दिवशी फलक लागतो, हा क्रम आपण सगळे पाहत आलो आहोत. मोजून पाहिल्यास राजापूर ते मंत्रालय हे अंतर लंडनमार्गे सर्वांत कमी भरते. भूमितीच्या अभ्यासकांनी याची दखल अजून घेतलेली नाही.

शिवाय परदेशी संपादकाचा एक प्रश्न मला मनापासून आवडतो: बरं, मग? शोध लागला, बरं, मग? आपल्या वर्तमानपत्रांत विज्ञानाची बातमी शाल आणि श्रीफळ दिले की पूर्ण होते. संशोधनाचा निष्कर्ष छायाचित्राच्या ओळीत, पाहुण्यांच्या नावांनंतर. त्या मानाने सातासमुद्रापलीकडचा तो फटकळ माणूस बरा. तो शास्त्रज्ञाचा सत्कार करत नाही, पण दुसऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाला हे पटते का, ते विचारून या, असे सांगतो.

सांगतो, म्हणजे उत्तर दिले तर. बहुतांशी मौन असते. मौनाच्या जाती पुष्कळ आहेत, सगळ्यांत मी शिरत नाही. ऑगस्टमधले मौन युरोपीय असते आणि त्यासोबत सुट्टीवर असल्याचा स्वयंचलित निरोप येतो. 'फारच सुंदर, पण आमच्यासाठी नाही' हे मौनाचेच सालंकृत रूप. सर्वांत तात्त्विक नकार असा: भारतावर आम्ही नुकतेच एक केले आहे. म्हणजे उत्तराखंडातल्या वाघाने गुहागरच्या कासवाची जागा घेतली. युरोपावर नुकतेच एक केले म्हणून स्वीडन नाकारल्याचे ऐकलेले नाही.

होकाराचीही एक जात जपून हाताळावी लागते: 'कल्पना आवडली, आमचा दिल्लीचा बातमीदार येईल, तुम्ही त्याला मदत कराल का?' या क्षणी लेखकाचे रूपांतर फिक्सरमध्ये होते. गाडी ठरवणे, लॉज पाहणे, सरपंचांना फोन, सोलकढी तिखट नाही याची ग्वाही, आणि शास्त्रज्ञ मराठीत तीन मिनिटे बोलले ते इंग्रजीत एका वाक्यात सांगणे. बातमी छापून येते तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत नाव असते, कधी नसते.

फलाध्याय थोडक्यात. पिच मंजूर होऊनही बातमी न छापल्यास मानधनाचा काही हिस्सा मिळतो, त्याला किल फी म्हणतात. अमेरिकी प्रकाशन असेल तर आपण अमेरिकी नाही असे लेखी देणारा डब्ल्यू-8 बेन हा फॉर्म भरावा लागतो. नंतर पैसे निघतात, मधली एखादी बँक आपला कर कापून घेते, आणि उरलेले गावच्या शाखेत येऊन अडकतात, कारण परकीय चलन कशापायी आले याचा पर्पज कोड हवा असतो. वृत्तसंस्थांच्या सेवांसाठी यादीत वेगळा कोड आहे, पण तो काउंटरवरच्या साहेबांना सापडेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. 'काम काय केलंत?' 'लेख लिहिला.' 'कशावर?' 'कासवांवर.' साहेब चष्मा वर करतात, यादी खालपर्यंत नेतात आणि मोठ्या आपुलकीने विचारतात, 'मग मत्स्यव्यवसायात टाकू?'